शिर्केबाईंची साक्ष

शिर्केबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते साक्षीदाराच्या पिंजऱ्यात, आणि त्या आमच्या विरुद्ध बोलत होत्या.

बडोद्याजवळच्या पादरा गावच्या एका तालेवार शेतकऱ्यावर सख्ख्या भावाच्या खुनाचा खटला होता. माझे सीनियर त्याचे वकील आणि मी त्यांच्या हाताखाली. खून केला हे नाकारण्यात अर्थ नव्हता, म्हणून बचाव असा होता की आरोपीला वेड लागलंय, त्याला कानात आवाज ऐकू येतात आणि त्या आवाजांनीच हे करवून घेतलं. कोर्टाने त्याला काही आठवडे मनोरुग्णांच्या सरकारी दवाखान्यात निरीक्षणाखाली ठेवलं होतं आणि तिथल्या मानसशास्त्रज्ञ म्हणून डॉ. विमल शिर्के साक्षीला आल्या होत्या. उंच, सडसडीत, पन्नाशीला टेकलेल्या. अंगावर चॉकलेटी काठाची सुती साडी, आणि पट्टा सैल झालेलं पुरुषी घड्याळ सारखं मनगटावरून कोपराकडे ढकलायची सवय.

सीनियरनी आपला ठेवणीतला आवाज लावला. "डॉक्टर, माणसाचं मन कुणालाच पुरतं कळत नाही आणि म्हणून तुमचा निष्कर्ष चुकीचा असू शकतो, हे खरं की नाही? हो किंवा नाही, एवढंच सांगा."

"प्रश्न परत विचाराल का?" बाई म्हणाल्या. "त्यात दोन प्रश्न आहेत. मी एका वेळी एकाचं उत्तर देते."

न्यायाधीश गालात हसले. सीनियरना प्रश्न फोडून विचारावा लागला आणि फोडल्यावर त्यातली हवाच गेली.

मग बाईंनी शांतपणे सांगितलं, "वॉर्डात ज्यांना खरोखर आवाज ऐकू येतात ते माझ्यापासून लपवतात. सांगितलं तर घरी सोडणार नाहीत, ही भीती असते. हे गृहस्थ मला शोधत यायचे, आवाज सांगायला. मी रजेवर असले की त्यांचे आवाजही रजेवर. नर्सनं तसं नोंदवलंय." कोर्टात हशा पिकला. बाई हसल्या नाहीत. उलट कुणी न विचारता त्या पुढे म्हणाल्या, "यांना झोप लागत नाही, जेवण जात नाही, हे मात्र खरं आहे. भावाला मारल्याचं दुःख त्यांना खातंय. त्यावर उपचार व्हायला हवेत, तुरुंगात गेले तरी. पण तो त्रास खुनानंतरचा आहे, आधीचा नाही."

आम्ही खटला हरलो. बाहेर पायऱ्यांवर सीनियर पान जुळवत म्हणाले, "बाई भारी आहे. पुन्हा बोलवायची ती आपली बाजू खरी असेल तेव्हाच." मी ते लक्षात ठेवलं.

आमचं बडोदं तेव्हा झपाट्याने बदलत होतं. गच्चीगच्चीवर डिशच्या थाळ्या, कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडीचे बूथ, नंदेसरीला नवनवीन केमिकलचे कारखाने. पैसा आला तसे गुन्हेही नव्या तऱ्हेचे आले. पण गुन्हेगाराविषयीच्या आमच्या कल्पना मात्र जुन्याच होत्या. छाप्यात, म्हणजे वर्तमानपत्रात, फोटो आला की लोक म्हणायचे, "बघा, तोंडावरच लिहिलंय." एका वार्ताहराने एकदा शिर्केबाईंनाच विचारलं की चेहऱ्यावरून गुन्हेगार ओळखता येतो का. "चेहऱ्यावरून मला एवढंच कळतं की माणूस जेवलाय की नाही," बाई म्हणाल्या.

आणि ते मात्र त्यांना खरंच कळायचं. कैदी असो, पोलीस असो, वकील असो, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "जेवलास का?" गुजराती माणसाला "जम्या?" जेवला नसेल तर त्या काम सुरूच करायच्या नाहीत. "भुकेल्या माणसाची बुद्धी मोजली तर भूकच मोजली जाते," असं म्हणायच्या. स्वतः कोर्टाच्या कामाला आल्या की दुपारी पट्टेवाल्यांच्या घोळक्यात उभ्या राहून सेवउसळ खायच्या, वर तिखट तर्री मागून घ्यायच्या आणि नाकाडोळ्यांतून पाणी आलं तरी थांबायच्या नाहीत. मला त्या "वकीलबाई" म्हणायच्या. त्यात आदर किती आणि थट्टा किती हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

त्यांच्या आजोबांनी बडोदे संस्थानाच्या रिसाल्यात घोडा राखला होता. वडील, आबासाहेब, आयुष्यभर सरकारी नोकरीत कारकुनी करूनही रिसालदारासारखे ताठ चालायचे. बापलेक हरणी भागात एका सोसायटीतल्या छोट्या बंगल्यात राहायचे. बाईंनी लग्न केलं नव्हतं. का, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. मुलगी वेड्यांत आणि कैद्यांत बसते हे आबासाहेबांना रुचत नसे. पाहुण्यांपुढे ते "दवाखान्यात आहे" एवढंच सांगायचे आणि विषय बदलायचे. एकदा माझ्यादेखत म्हणाले, "शिर्क्यांच्या घरातली पोर तुरुंगात जाते-येते. आमच्या वडिलांना काय वाटलं असतं!"

"आजोबा बिथरलेल्या घोड्याजवळ जायचे ना, आबा? पायांनी चाहूल देत, समोरून, हळूहळू? तुम्हीच सांगता," बाई चहा गाळता गाळता म्हणाल्या. "मीही तसंच जाते."

आबासाहेब पेपर उघडून बसले.

रमणचा खटला माझ्याकडे आला तेव्हा मी स्वतंत्र वकिली सुरू करून थोडीच वर्षं झाली होती. नंदेसरीच्या एका कारखान्याचं गोदाम जळालं आणि आत झोपलेला पहारेकरी मेला. रमण तिथला हमाल. विशीतला, गोल चेहऱ्याचा, सगळ्यांची कामं करणारा. आदल्या आठवड्यात मुकादमाने त्याला सगळ्यांसमोर शिव्या घातल्या होत्या, तेव्हा त्या रागातून त्याने आग लावली असं पोलिसांचं म्हणणं होतं. पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, हे कुणालाही माहीत असतं. पण रमणने मॅजिस्ट्रेटपुढेही कबुली दिली होती. मॅजिस्ट्रेटनी नियमाप्रमाणे विचारलं होतं, कुणी धमकावलं का, कुणी मारलं का, स्वतःच्या मर्जीनं सांगतोस का. त्याने सगळ्याची नीट उत्तरं दिली होती. अंगावर एक ओरखडा नव्हता. मी पहिल्यांदा भेटले तेव्हा मलाही तो हात जोडून म्हणाला, "हा बेन, में कर्युं." हो ताई, मीच केलं.

त्याची आई मात्र एकच गोष्ट सांगत होती. "बेन, तो कुणालाच ना म्हणत नाही. लहानपणापासून. शेजारणीनं तिसऱ्यांदा जेवायला वाढलं तरी जेवतो."

मी शिर्केबाईंकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मी येईन. पण जे दिसेल ते सांगेन. त्यानं केलं असं दिसलं तर तेही सांगेन. चालेल?"

"चालेल," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

तुरुंगातल्या मुलाखतीच्या खोलीत त्यांनी मधलं टेबल भिंतीला लावायला लावलं आणि रमणच्या शेजारी बाकावर बसल्या. जेवलास का, आई काय करते, गावी म्हैस आहे का, असं कितीतरी वेळ चाललं. टेपरेकॉर्डर चालू होता. त्याला दाखवून, विचारून चालू केलेला. मग त्याच आवाजात बाई गुजरातीत म्हणाल्या, "आणि मागच्या वेळी मी आले होते तेव्हा तुला चिक्की दिली होती ना?"

बाई तुरुंगात त्याला पहिल्यांदाच भेटत होत्या.

"हा बेन," रमण म्हणाला.

"आवडली?"

"बहु सारी हती, बेन." खूप छान होती.

"शेंगदाण्याची की तिळाची?"

रमणने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, अंदाज घेतला. "तिळाची...?" बाईंच्या कपाळावर जराशी आठी आली असावी, कारण तो लगेच म्हणाला, "ना ना, शेंगदाण्याची."

बाहेर आल्यावर बाई स्कूटरपाशी नुसत्याच उभ्या राहिल्या. "आज मी त्या पोराशी खोटं बोलले," त्या म्हणाल्या. "कामाचा भाग आहे. पण मला आवडत नाही." पुढच्या खेपेला त्या जेलरची परवानगी काढून शेंगदाण्याची चिक्की घेऊन गेल्या. त्याच्या हातात ठेवली आणि मला म्हणाल्या, "आता निदान त्याची आठवण खरी झाली."

अशा बऱ्याच भेटी झाल्या. बुद्धीच्या चाचण्या, चित्रं, गोष्टी ऐकवून परत सांगायला लावणं. रमणची समज आठ-नऊ वर्षांच्या मुलाएवढी होती आणि ते कुणाला कळू नये म्हणून त्याने जन्मभर एकच युक्ती वापरली होती: समोरच्याला काय हवंय ते चेहऱ्यावरून ओळखायचं आणि तेच म्हणायचं. कारखान्यात तो सगळ्यांचा लाडका होता तो त्यामुळेच.

ज्या इन्स्पेक्टरने तपास केला ते राणासाहेब. मी त्यांची उलटतपासणी घेतली तेव्हा ते चिडले होते, कारण मी मारहाणीचा आरोप करणार असं त्यांना वाटत होतं. "मी त्याला बोटसुद्धा लावलं नाही," ते आधीच म्हणाले. "माझ्या डब्यातलं जेवायला दिलं. शेजारी बसवून विचारलं."

"काय विचारलंत? शक्य तेवढं त्याच शब्दांत सांगा." हा प्रश्न मला शिर्केबाईंनी दिला होता.

राणा खरा माणूस. शपथेवर होते, आठवून सांगू लागले. "विचारलं, मुकादमाचा राग आला होता ना? हो म्हणाला. मग विचारलं, ड्रमच्या मागून काडी लावलीस ना? तर..." आणि ते थांबले. ड्रमच्या मागची जागा आग लावणाऱ्यालाच ठाऊक असणार, यावर सरकारी वकिलांची सगळी भिस्त होती. ती जागा रमणच्या तोंडात कुणी घातली हे राणांना तिथे, पिंजऱ्यात उभं असताना, पहिल्यांदा कळलं. मला त्यांचा चेहरा अजून दिसतो.

शिर्केबाईंच्या साक्षीच्या दिवशी कोर्ट भरलं होतं. पहिल्या बाकावर मेलेल्या पहारेकऱ्याची बायको बसली होती. ती प्रत्येक तारखेला यायची आणि रमणवरून नजर काढायची नाही. मागच्या बाकावर मला एक लाल फेटा दिसला. आबासाहेब, मुलीला न सांगता रिक्षा करून आले होते.

बाईंनी टेप ऐकवली, चाचण्या समजावून सांगितल्या. मोठे शब्द एकदाही वापरले नाहीत. मग सरकारी वकील देसाईसाहेब उठले. मुरलेले वकील. "बेन, तुम्ही एवढ्या शिकलेल्या. पण समजा, हा दिसतो तेवढा भोळा नाही. समजा, त्यानं तुम्हाला बनवलं. शक्य आहे?"

"शक्य आहे," बाई म्हणाल्या. "मला पूर्वी फसवलं गेलंय."

देसाईंना इतकं सरळ उत्तर अपेक्षित नव्हतं. "मग कोर्टानं तुमच्यावर विश्वास का ठेवावा?"

"माझ्यावर ठेवू नये. मला बाजूला ठेवा. आरोपी इथं आहे, कोर्ट त्याला केव्हाही प्रश्न विचारू शकतं. कोर्टानं स्वतः विचारावं. जे घडलेलंच नाही, असं काहीतरी."

देसाई हरकत घ्यायला उठले, पण न्यायाधीशांनी हात वर केला. पादऱ्याच्या खटल्यातलेच न्यायाधीश होते ते. बराच वेळ ते रमणकडे पाहत राहिले. मग पेन खाली ठेवून अगदी मऊ आवाजात म्हणाले, "रमण, गेल्या तारखेला तू इथं माझ्या टेबलावरचा पाण्याचा ग्लास फोडलास. आठवतं?"

रमण उभा राहिला. हात जोडले. "हा साहेब. भूल थई गई." चूक झाली.

"का फोडलास?"

त्याने इकडेतिकडे पाहिलं, माझ्याकडे, बाईंकडे, परत न्यायाधीशांकडे. "गुस्सो आव्यो हतो, साहेब. माफ करो." राग आला होता.

ग्लास टेबलावर होता, झाकणीसकट. सगळं कोर्ट त्या ग्लासाकडे पाहत होतं.

"ग्लास फुटलेला नाही रमण," न्यायाधीश म्हणाले. "तू कधी या टेबलापर्यंत आलाच नाहीस."

"हा साहेब," रमण म्हणाला.

कुणी हसलं नाही. देसाईसाहेब सावकाश खाली बसले आणि त्यांनी पुढे एकही प्रश्न विचारला नाही. हा त्यांचा मोठेपणाच म्हणायला हवा. बाई पिंजऱ्यातून उतरल्या तेव्हा त्यांचा चेहरा जिंकलेल्या माणसाचा नव्हता. त्या रमणपाशी गेल्या आणि हळू आवाजात त्याला म्हणाल्या, "तू काही चुकीचं केलं नाहीस. बस आता."

मागे आबासाहेब उभे राहिले होते. बार रूममधल्या कुणीतरी वाट देता देता विचारलं, "काका, तुम्ही कोणत्या केससाठी?"

"मी डॉक्टर विमल शिर्केंचा बाप," आबासाहेब म्हणाले. त्यांचा आवाज मुळातच मोठा. सगळ्या कोर्टाला ऐकू गेलं. बाईंनी वळून पाहिलं आणि घड्याळ मनगटावरून पार कोपरापर्यंत ढकललं.

रमण सुटला. निकालाच्या दिवशी त्याच्या आईने माझे पाय धरले. मी बाईंना शोधत होते, तर त्या पलीकडे जिन्यावर पहारेकऱ्याच्या बायकोजवळ बसल्या होत्या. ती विचारत होती, "मग माझ्या माणसाला कुणी मारलं, बेन?"

"मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. "पण यानं नाही. तुम्ही याच्यावर राग धरून आयुष्य काढू नये, म्हणून सांगायला आले." आणि तिच्याजवळच बसून राहिल्या.

इथे गोष्ट संपली असती. पण राणासाहेबांना चैन पडेना. त्यांनी वरिष्ठांच्या मागे लागून जुने कागद पुन्हा उघडले, जाणकारांना जळक्या गोदामात नेलं. आग कुणी लावलीच नव्हती. कुजक्या वायरिंगमधून ती लागली होती आणि मालकाला वायरमनने आधी सांगूनही त्याने ते कानाआड केलं होतं. मालकावर खटला भरला गेला. ही बातमी पहारेकऱ्याच्या बायकोच्या घरी जाऊन सांगितली ती राणांनी स्वतः, गणवेशात, टोपी काढून हातात घेऊन.

त्यानंतर ते शिर्केबाईंकडे गेले. "बेन, मी त्याला मारलं असतं तर बोच लागली नसती. नेहमीचीच चूक म्हटली असती. पण मी तर चांगला वागलो होतो!"

"म्हणूनच तर," बाई म्हणाल्या. "मारलं असतं तर तुम्ही शत्रू आहात हे त्याला कळलं असतं. तुम्ही मायेनं विचारलंत. तुम्हाला नाराज करायचं त्याच्या जिवावर आलं."

राणांच्या आग्रहावरून बाई नव्या फौजदारांना शिकवायला जाऊ लागल्या. मी एकदा मागे बसून ऐकलं. त्या म्हणाल्या, "मारू नका, एवढंच सांगायला मी आलेले नाही, ते तुम्हाला कायदा सांगतो. मी सांगते की प्रेमानं विचारतानाही जपा. 'काय झालं?' विचारा. मग 'आणि पुढे?' विचारा. आणि मग गप्प बसा. गप्प बसणं पोलिसांना सगळ्यात जड जातं." हॉलमध्ये सगळ्यात मोठ्याने हसले ते राणासाहेब.

काही वर्षांतच चित्र पालटलं. तोपर्यंत मोबाइल आले होते, आमच्या ओळखीच्या जागांवर मॉल उभे राहत होते. बडोद्याच्या वकिलांत एक नवी सवय रुजली होती: अडाणी, लहान किंवा मंद आरोपी आला की तरुण वकील आपण होऊन विचारायचा, "शिर्केबेनना दाखवलं का?" बाई निवृत्त झाल्या तरी हे चालूच राहिलं. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या मुली आता ठिकठिकाणच्या कोर्टांत साक्षी देऊ लागल्या होत्या. त्यातली एक वकिलाला "प्रश्न परत विचाराल का?" म्हणाली, तेव्हा शेजारी बसलेल्या देसाईसाहेबांनी मला कोपर मारलं. आबासाहेब गेले त्या वर्षी हरणीच्या घरी मी भेटायला गेले, तेव्हा दिवाणखान्यात आजोबांच्या घोड्यावरच्या तसबिरीशेजारी बाईंच्या साक्षीचं छाप्यातलं एक कात्रण चौकटीत लावलेलं होतं. "आबांनी लावलंय," बाई म्हणाल्या, "मी काढणार होते. पण ते रोज पुसायचे."

मी पुढे अहमदाबादला गेले. बाईंना मी शेवटचं पाहिलं ते तिथून एका कामासाठी बडोद्याच्या कोर्टात आले होते तेव्हा. जेवणाची सुट्टी होती. व्हरांड्यात सामसूम. एका कोर्टाच्या दारात पट्टेवाला उभा होता आणि त्याच्यासमोर न्यायाधीश. बदली होऊन नुकतेच आलेले, तरुण. त्यांना आत जायचं होतं आणि ते थांबले होते.

मी त्यांच्या खांद्यावरून आत पाहिलं. रिकाम्या कोर्टात शिर्केबाई होत्या. केस पांढरेशुभ्र, पाठ जराशी वाकलेली. सोबत दोन वेण्या घातलेली सहा-सात वर्षांची एक मुलगी. दुपारनंतर तिची साक्ष होती. तिने घरात काहीतरी पाहिलं होतं, जे कुठल्याच मुलाने पाहू नये. बाई तिला एकेक जागा दाखवत होत्या. इथं वकीलकाका बसतात, ते मोठ्यानं बोलतात, पण ती त्यांची सवय आहे. इथं टाइप करणाऱ्या ताई. इथं तू. पाय पोचत नाहीत? मग आपण स्टूल मागू. मुलीने वरच्या मोठ्या खुर्चीकडे बोट दाखवलं. बाईंनी तिला हाताला धरून पायऱ्या चढवल्या आणि त्या खुर्चीत बसवलं. खुर्चीत ती जवळजवळ दिसेनाशी झाली.

"इथून सगळे केवढे दिसतात?" बाईंनी गुजरातीत विचारलं.

"नाना," मुलगी म्हणाली. छोटे. आणि पहिल्यांदा हसली.

पट्टेवाला घाईघाईने पुढे झाला. "साहेब, मी सांगतो त्यांना, तुम्ही आत..."

"थांब," न्यायाधीश हलक्या आवाजात म्हणाले आणि दारातून एक पाऊल मागे आले. "त्यांचं होऊ दे."